डे गेकोच्या बोटांवर कात वारंवार अडकते : लातूरच्या कोरड्या हवेत सापडलेली कारणे आणि उपाय

माझ्याकडची डे गेको मादी ही मूळ उत्तर मादागास्करच्या जातीची, शेपटीसह जवळपास पंचवीस सेंटिमीटर लांबीची, हिरवीगार आणि पाठीवर लाल ठिपके असलेली पाल आहे. ती आमच्या लातूरच्या घरात आल्याला हे चौथे वर्ष आहे. या काळात तिला एकच त्रास पुन्हा पुन्हा झाला. तिची अंगावरची कात व्यवस्थित निघत असे. मात्र पायांच्या बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर ती चिकटून राहत असे. तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळी कारणे निघाली, आणि प्रत्येक वेळी माझे पहिले निदान चुकले. मराठवाड्यात अशी पाल सांभाळणाऱ्यांना हीच अडचण हमखास येत असणार, म्हणून तपासाचा क्रम सविस्तर लिहीत आहे.

आधी लक्षणे सांगतो. कात टाकण्याच्या एक-दोन दिवस आधी पाल निस्तेज, राखाडी झाक असलेली दिसू लागते आणि खाणे कमी करते. मोठ्या पालीत हे साधारण चार ते सहा आठवड्यांनी होते, पिल्लांमध्ये त्याहून लवकर. सगळे सुरळीत असेल तर काही तासांत ती स्वतःच तोंडाने ओढून कात काढते आणि खाऊन टाकते, त्यामुळे काचपेटीत कातीचे तुकडे सहसा सापडत नाहीत. तुकडे पडलेले दिसले, तर कात अर्धवट निघाली आहे असे समजून त्याच दिवशी चारही पाय काचेच्या बाहेरून तपासावेत. दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. डे गेकोला काम देणारी नखे जवळजवळ नसतात. ती काचेला धरून राहते ती बोटांखालच्या पट्ट्यांवरील अतिसूक्ष्म केसांच्या आधाराने. या पट्ट्यांवर जुन्या कातीचा पापुद्रा राहिला की पकड सुटते. काचेवर सहज चढणारी पाल अर्ध्यावरून घसरू लागली, किंवा काच सोडून फक्त बांबूवरच बसू लागली, तर पहिली शंका कातीची घ्यावी.

आमच्याकडे हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आले. एप्रिलमधली सकाळ होती, पाल काचेला चिकटून बसली होती, आणि आई म्हणाली, “अरे, हिच्या पायाला दोरा गुंडाळलाय का बघ.” जवळ जाऊन पाहिले तर उजव्या मागच्या पायाच्या दोन बोटांभोवती, अगदी पेराशी, पांढुरकी वळी बसली होती. ओल्या कागदाचा कडेला सुकलेला पापुद्रा दिसतो तशी ती दिसत होती. वळीच्या पुढचे बोटाचे टोक जरासे फुगलेले होते. सुकताना ही वळी आवळत जाते, बोटाचा रक्तपुरवठा तुटतो, टोक काळे पडते आणि शेवटी गळून जाते. एकदा गेलेले बोट परत येत नाही.

आत्ता तुमच्या पालीच्या बोटावर वळी असेल तर

कारण नंतर शोधता येईल, पण वळी आधी सोडवावी लागेल. इथे सर्वांत मोठा धोका आपल्या हातांचाच असतो. डे गेकोची त्वचा विलक्षण नाजूक असते. शत्रूने पकडले तर सालपट त्याच्या हाती सोडून ती निसटते, आणि तिच्या दृष्टीने आपली मूठ म्हणजे शत्रूच असतो. म्हणून तिला धरू नये आणि चिमट्याने कात ओढू नये. झाकणाला आणि बाजूंना बारीक भोके पाडलेला एखादा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ जुने सुती कापड अंथरावे, आणि डबा पालीसमोर धरून दुसऱ्या हाताने मागून हलकेच हुसकत तिला स्वतःच्या पावलांनी आत जाऊ द्यावे. डब्यातील तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. वीस ते तीस मिनिटे पुरेशी होतात. लवकर ऊब यावी म्हणून डबा उन्हात ठेवण्याचा विचारही करू नये. बंद डब्यात उन्हाने काही मिनिटांत जीव जातो.

ओल्या कापडावरून चालताना बरीचशी कात आपोआप निघते. उरलेली वळी पाल पेटीत परतून काचेवर स्थिर बसली की ओल्या कापसाच्या कानकाडीने, बोटाच्या मुळाकडून टोकाकडे, हलकेच लाटल्यासारखी सोडवावी. ती निघत नसेल तर तिथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्याचा उपाय करावा. माझ्या पालीची पहिली वळी तिसऱ्या दिवशी सुटली. डोळ्यांना मात्र हात लावू नये. तिला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो, तो ती जिभेने चाटून स्वच्छ ठेवते, आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघतो. तिथे काही अडकले आहे असे वाटले तर ते काम डॉक्टरांचे आहे.

आपल्याकडे कोणताही कोरडेपणा दिसला की हात आधी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. आमच्याही घरात तो सल्ला प्रेमाने मिळाला होता. पण तेल बोटांखालच्या सूक्ष्म केसांत बसते आणि पाल आणखीच घसरते. हळदीचा लेप आणि जंतुनाशक द्रव हेही टाळावेत, कारण ती आपले अंग चाटते आणि जे लावाल ते तिच्या पोटात जाते.

पहिले कारण : पाणी कमी नव्हते, झाकण चुकीचे होते

पहिल्या उन्हाळ्यात मला वाटले की फवारणी कमी पडते आहे. दिवसातून दोनदा फवारत होतो, ते पाच-सहा वेळा करू लागलो. आठवडाभरात तळची माती आंबूस वास मारू लागली, चिलटे झाली, आणि पुढची कात तरीही बोटांवर अडकलीच. तेव्हा मी बसून साधे गणित केले, आणि माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

मे महिन्यात बाहेरचे तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत जेमतेम साडेआठ ग्रॅम वाफ असते. तीच हवा घरात येऊन २८ अंशांपर्यंत निवली तर तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास भरते. पालीला दिवसा साधारण ६० टक्के आणि रात्री ७० ते ८० टक्के हवी असते. आता पेटीचा विचार करू. माझी काचपेटी ४५ बाय ४५ सेंटिमीटर तळाची आणि ६० सेंटिमीटर उंचीची आहे, म्हणजे तिच्यात सुमारे ०.१२ घनमीटर हवा मावते. एवढ्या हवेची आर्द्रता तीसवरून सत्तर टक्क्यांवर नेण्यासाठी वाफेच्या रूपात लागणारे पाणी सव्वा ते दीड ग्रॅम एवढेच आहे. स्प्रे बाटलीचा खटका दोन-तीनदा दाबला तरी तेवढे पाणी बाहेर पडते. म्हणजे पाणी मी गरजेपेक्षा किती तरी पट जास्त देत होतो. ते टिकत नव्हते. पेटीचे पूर्ण झाकण जाळीचे होते, दिव्याने तापलेली ओली हवा त्यातून सरळ वर निघून जात होती, आणि खालच्या झरोक्यातून लातूरची कोरडी हवा तिची जागा घेत होती. फवारणीनंतर वीस मिनिटांत काटा पुन्हा मूळ जागेवर येत असे.

पेटी विकणाऱ्याने जाळीच्या झाकणाचे फार कौतुक केले होते. दमट किनारपट्टीच्या गावात ते योग्यही असेल. आपल्याकडे नोव्हेंबर ते जून या काळात जाळीचा साधारण दोन तृतीयांश भाग झाकलाच पाहिजे असे माझे ठाम मत झाले आहे. मी काचवाल्याकडून मापाची पट्टी कापून, कडा घासून घेतली. मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे : अतिनील किरण देणाऱ्या नळीखालचा भाग उघडाच ठेवावा. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, आणि ते मिळाले नाहीत तर पालीच्या शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. उष्णता देणाऱ्या दिव्याखालीही अॅक्रिलिकचा पत्रा ठेवू नये, तो वाकतो. खालचा झरोका उघडा राहू द्यावा, म्हणजे हवा कोंडत नाही. झाकण असे केल्यापासून रात्री एक आणि पहाटे एक अशा दोनच फवारण्या पुरू लागल्या, आणि माती वरून दिवसभरात सुकूनही आत ओलसर राहू लागली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर दोन-तीनदा धुऊन क्षार काढलेला नारळाचा भुसा, आणि त्यात मनी प्लांट, अशी माझी मांडणी आहे. शेतातली काळी माती वापरू नये. ती ओली असताना चिखल होते आणि सुकल्यावर भेगाळते.

यापूर्वीच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती की काट्याचा आर्द्रतामापकच चुकीचा असावा, कारण तो दिवसाही ६५ दाखवत असे. त्याची परीक्षा घरच्या मिठाने करता येते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ विरघळू नये, फक्त ओल्या वाळूसारखे व्हावे. ते बूच आणि मापक एका हवाबंद डब्यात किंवा पिशवीत दहा-बारा तास ठेवावे. खोलीच्या तापमानाला ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा मापक ८८ दाखवत होता, म्हणजे तब्बल तेरा अंकांनी जास्त. नवा डिजिटल मापक घेतला, त्याचीही हीच परीक्षा घेतली, आणि तो झाकणाजवळ न लावता पाल रात्री ज्या बांबूत झोपते त्या उंचीवर लावला.

दुसरे कारण : हिवाळ्यातली ऊब

झाकण बदलल्यावर पावसाळाभर त्रास झाला नाही. डिसेंबरच्या शेवटी पुन्हा वळी दिसली, यावेळी शेपटीच्या टोकावर. थंडीत हवा कोरडी असेल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, कारण पहाटे गवतावर दव असते आणि बातम्यांतली आर्द्रताही सत्तर टक्के सांगितली जाते. परंतु दहा अंशांच्या थंड हवेतले ते सत्तर टक्के म्हणजे घनमीटरला साडेसहा-सात ग्रॅम वाफ, म्हणजे मे महिन्याच्या दुपारपेक्षाही कमी. ती हवा पेटीत येऊन २७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यातच मी काळजीपोटी रात्रभर सिरॅमिक हीटर चालू ठेवत होतो. या जातीला रात्री २० ते २२ अंशांपर्यंतचा उतार सहज सोसतो, किंबहुना तो हवासा असतो. हीटरला तापमान-नियंत्रक जोडून तो वीस अंशांच्या खालीच सुरू होईल असे केले, आणि रात्रीची आर्द्रता त्याच फवारणीत सत्तरच्या पुढे गेली.

तिसरे कारण : यंत्र चालू होते, पण फवारणी होत नव्हती

पुढच्या वर्षी मी फवारणीसाठी छोटा पंप, वेळ लावण्याचे घड्याळ आणि ठिबक सिंचनाच्या दुकानातून बारीक तुषाराचे नोझल आणले. शेतात औषध फवारलेला पंप किंवा त्याचा कोणताही भाग यासाठी कधीही वापरू नये. कितीही धुतला तरी नाही. दिवसभर घरात कोणी नसल्याने सगळा भार या यंत्रावर होता, आणि त्या मे महिन्यात कात पुन्हा अडकली. मी आधी आहाराला दोष दिला, मग पालीच्या वयाला. खरे कारण एका रविवारी दुपारी साडेबाराला समोर आले, जेव्हा रात्री नऊला सुरू व्हायचा पंप माझ्या डोळ्यांदेखत भर दुपारी सुरू झाला. घड्याळ चकतीचे होते. वीज गेली की चकती थांबते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालते. रोजच्या भारनियमनाने ते महिनाभर मागे पडत गेले होते. दुपारी, दिवा चालू असताना फवारलेले पाणी बघता बघता उडून जात होते आणि रात्र कोरडी जात होती. आपल्या भागात आत बॅटरी असलेले डिजिटल घड्याळच घ्यावे.

त्याच वेळी नोझलही पाहिले. तुषाराऐवजी एकाच बाजूने धार गळत होती, कारण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी भोक बुजत आले होते. लातूरकरांना पाण्याची किंमत सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे, आणि खोल बोअरचे जड पाणी आमच्या नित्याच्या वापरात आहे. पण फवारणीला ते चालत नाही. काचेवर आणि पानांवर पांढरा थर बसतो, आणि पाल पाणी पिते ती पानांवरचे थेंब चाटूनच, भांड्यातून क्वचितच. मी आरओचे शुद्ध पाणी वापरतो. दिवसाला पेलाभरसुद्धा लागत नाही. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र यासाठी घेऊ नये, त्यात क्षार अधिक दाट असतात. नोझल आणि काचेवरचे जुने थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने विरघळतात. ते पेटीबाहेर काढून पुसावेत आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवावेत.

उन्हाळ्यातल्या कूलरबद्दल अनेकांचा गोंधळ असतो, कारण थंडावा आणि ओलावा दोन्ही त्यातून मिळतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा खोलीची आर्द्रता चांगलीच वाढवते, त्यामुळे तो पालीच्या खोलीत जरूर चालवावा. फक्त त्याचा झोत पेटीवर थेट नको, नाहीतर झाकणाखालची ओली हवा तो उपसून नेतो. वातानुकूलन यंत्र मात्र हवेतले पाणी काढून टाकते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत पेटी ठेवूच नये. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले की मी उष्णतेचा दिवा बंद करतो आणि फक्त अतिनील नळी चालू ठेवतो, कारण त्या दिवसांत कातीपेक्षा उष्माघाताची भीती मोठी असते.

हे सर्व ठीक असूनही कात अडकत असेल तर

सलग दोन वेळा, मापक योग्य आकडे दाखवत असताना कात अडकली, तर कारण पालीच्या शरीरात शोधावे लागते. खरबरीत पृष्ठभाग नसणे हे सर्वांत साधे कारण. अंग घासायला तिला काहीतरी हवे असते. बुरुडाकडून आणलेला, पेरांवर खडबडीत असलेला बांबू मी उभा आणि आडवा दोन्ही लावला आहे. त्यानंतर पाण्याची कमतरता, माइट म्हणजे अंगावरचे बारीक परजीवी किडे, आणि अ जीवनसत्त्वाची उणीव. केवळ केळ्यावर आणि मधावर ठेवलेली पाल अशीच कुपोषित होते. पपई, आंबा, अंजीर यांचा गर आलटून पालटून द्यावा, आणि रातकिडे कॅल्शियमची पूड लावून द्यावेत. पण माणसांसाठीचे जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने पाजू नयेत, कारण अ जीवनसत्त्व जास्त झाले तरीही त्वचा सोलवटते. लक्षण जवळपास तेच दिसते आणि आपण आणखी थेंब देत राहतो.

बोट काळे किंवा निळसर पडले, सूज वळी सुटल्यावरही दोन दिवसांत उतरली नाही, किंवा डोळ्यावर पापुद्रा राहिला, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाकडे जावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; जाण्यापूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे कोणी आहे का हे फोनवर विचारावे, म्हणजे आजारी पालीला व्यर्थ प्रवास घडत नाही. सोबत महिनाभराच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी न्याव्यात. मालकीच्या नोंदणीची प्रतही जवळ ठेवावी : डे गेकोचा संपूर्ण गट वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. अंदमान बेटांवर आपली स्वतःची एक डे गेको आहे; ती किंवा कोणतीही रानातली पाल पकडून आणू नये.

मृगाचा पाऊस स्थिरावला की झाकणावरची काच उतरवायला विसरू नये. जुलै ते सप्टेंबरमध्ये हवा आपणहून दमट असते, आणि झाकलेल्या पेटीत बुरशी चढायला वेळ लागत नाही. मी फवारणी न करता सलग तीन रात्री आकडा पाहतो. तो ६५ च्या वर राहिला तर अर्धी काच काढतो, ७५ च्या वर गेला तर सगळी काढतो, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडू लागली की ती पुसून पुन्हा बसवतो.